कर्नल ग्राफ आणि मी

एखादी कादंबरी शिकवून झाली की तीतले कोणते पात्र आवडले, असे विद्यार्थ्यांना विचारण्याची मला सवय आहे. उत्तरातून पात्राविषयी फारसे कळत नाही, उत्तर देणाऱ्याविषयी मात्र बरेच कळते. हाच प्रश्न ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाच्या 'एंडर्स गेम' (1985) या कादंबरीबद्दल कुणी मला पहिल्या वाचनानंतर विचारला असता, तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'कर्नल ग्राफ' असे उत्तर दिले असते. त्या उत्तरातून माझ्याविषयी जे कळले असते ते मला कळायला पुढे तीन-साडेतीन वर्षे लागली.

नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ही कादंबरी मला मिळाली. वर्ष 2012, उन्हाळ्याची सुट्टी. विज्ञानकथा शिकवायची आणि आपले वाचन मात्र मराठीपुरतेच, याची थोडी लाज वाटत होती म्हणून ती घेतली. माझे एम. ए. मराठीचे, इंग्रजी कादंबरी मी सावकाश, शब्दकोश उशाशी ठेवून वाचतो. दारव्ह्याच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नसते. कूलरच्या आवाजात ती आठ-दहा दुपारी वाचून काढली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगतो. मुंग्यांसारख्या समूहबुद्धीच्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर दोनदा हल्ला केला आहे. तिसरे युद्ध होणारच, या भयाखाली सारी मानवजात एका लष्करी यंत्रणेच्या हाती गेलेली आहे. दोनच अपत्यांना परवानगी आहे. बुद्धिमान मुलांच्या मानेत यंत्र बसवून त्यांच्यावर पाळत ठेवली जाते आणि निवडक मुलांना सहाव्या वर्षी आईबापांपासून तोडून अंतराळातील युद्धशाळेत नेले जाते. एंडर हा सरकारी परवानगीने जन्मलेला तिसरा मुलगा आहे आणि 'तिसरा' ही त्याला शाळेत दिली जाणारी शिवी आहे. इंग्रजी वाचकाला ही कल्पना भविष्यातली वाटत असेल. आपल्याकडे 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि तिसऱ्या अपत्याच्या तक्रारीवरून एखाद्या सरपंचाचे पद गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते. डिस्टोपिया हा शब्द आपल्याला परका असला तरी त्याचे काही नियम ओळखीचे आहेत. असो.

या युद्धशाळेचा प्रमुख म्हणजे कर्नल हायरम ग्राफ. एंडरमधून मानवजातीला वाचवणारा सेनानी घडवायचा हे त्याचे काम. त्यासाठी त्याने शोधलेला उपाय साधा आहे: या मुलाला कधीही, कुणाचीही मदत मिळता कामा नये. मदत येणार आहे असे एकदा वाटले की तो स्वतःचे पूर्ण बळ लावणार नाही. शाळेकडे निघालेल्या यानातच ग्राफ सर्व मुलांसमोर जाहीर करतो की या तुकडीत डोके असलेला मुलगा एकच आहे, आणि तो एंडर. पुढच्या काही मिनिटांत मागे बसलेला एक मुलगा एंडरच्या डोक्यात टपला मारू लागतो. ग्राफला नेमके तेच हवे असते. उतरल्यावर मुलगा विचारतो, मला वाटले तुम्ही माझे मित्र आहात. मित्र होणे हे आपले काम नाही, असे ग्राफ त्याला सांगतो.

मला हा माणूस आवडला. तो आरडाओरडा करत नाही, छडी उगारत नाही. क्रौर्यात त्याला सुखही मिळत नाही. सेनापती म्हटला की चित्रपटांनी आपल्याला एक ठराविक चेहरा दिलेला आहे. 2009 च्या 'अवतार'मधला कर्नल क्वारिच घ्या: डोक्यावर जखमांचे व्रण, दंडाचे स्नायू, पडद्यावर आल्याबरोबर प्रेक्षकाला कळते की याचा शेवट वाईट होणार. अशा खलनायकाकडून शिकण्यासारखे काही नसते, कारण त्याच्यात आपण स्वतःला कधी पाहतच नाही. ग्राफ शिक्षक आहे. तो मुलांच्या नोंदी वाचतो, रात्री जागतो, सहकाऱ्यांशी वाद घालतो, मुलावर त्याचा जीवही आहे. मराठीच्या प्राध्यापकाला आरसा दाखवायला एवढे पुरेसे होते.

आपल्या विज्ञानकथेत हा सेनापती मला सापडत नाही. मराठी विज्ञानकथेचा नायक बहुतेक वेळा शास्त्रज्ञ असतो. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तेव्हापासून ही कथा प्रयोगशाळेच्या, परिषदेच्या आणि वेधशाळेच्या आवारात वाढली. त्यांच्या 'धूमकेतू'मध्ये पृथ्वीवर संकट येते तेव्हा निर्णय घेतात ते एकत्र जमलेले शास्त्रज्ञ. तिथेही लोकांपासून सारे लपवलेले असते, पण समोर निर्जीव धूमकेतू असल्याने त्या गुप्ततेची टोचणी कुणाला लागत नाही. कठोर सेनानी आपण इतिहासाच्या कादंबरीकडे सोपवला, आणि तिथे त्याच्या कठोरपणाला आपण आधीच मुजरा केलेला असतो. माणूस घडवून वापरण्याची गोष्ट मराठीत धारदारपणे आली ती नाटकात. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (1972) दरारा कोतवालाचा असला तरी त्याला त्या जागी बसवणारा नाना शेवटी त्याला जमावाच्या हवाली करून नामानिराळा राहतो. नाना आणि ग्राफ यांची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी जरूर करावी. मला मात्र इथे दुसरेच सांगायचे आहे.

'एंडर्स गेम'मध्ये एक रचना आहे जी पहिल्या वाचनात मी केवळ कौशल्य म्हणून पाहिली होती. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक संवाद येतो. कोण बोलतो आहे ते सांगितलेले नसते, खोलीचे वर्णन नसते, नुसते आवाज. मोठी माणसे एंडरविषयी बोलत असतात: किती ताणायचे, केव्हा थांबायचे, तो मोडला तर काय. मग प्रकरण सुरू होते आणि एंडर त्या खोलीत ठरलेल्या गोष्टींना सामोरा जातो. वाचकाला जे ठाऊक आहे ते त्या मुलाला ठाऊक नाही. म्हणजे लेखकाने वाचकाची खुर्ची ग्राफच्या शेजारी, शिक्षक-खोलीत मांडलेली आहे. आपल्याला एंडरची दया येते, पण ती खोलीत बसून आलेली दया असते.

आता त्या खोलीतला माझा संवाद सांगतो.

2014-15 च्या सुमारास बी. ए. च्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव इथे देत नाही, गावही देत नाही. दारव्हा तालुक्यातले, एस. टी. ने पाऊण तासाचे, एवढे पुरे. तिचे वडील ती दहावीत असताना गेले. यवतमाळ जिल्ह्यात 'वडील गेले' असे मुलीने खाली पाहून सांगितले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. लिहिणे चांगले, वाचनाची भूक मोठी, आणि बोलायला लागली की वर्ग गप्प होई. फक्त वर्गात. व्यासपीठावर गेली की तिचा घसा आवळे. दोनदा ती अर्ध्यातून खाली उतरली होती.

मी तिला घडवायचे ठरवले. 'घडवणे' हे आमच्या व्यवसायातले आवडते क्रियापद आहे. तिला पहिल्या बाकावर बसवले. इतरांच्या निबंधांचे गठ्ठे परत करताना, या वर्गात विचार करणारी एकच व्यक्ती आहे, असे म्हणून तिच्याकडे पाहिले. हे वाक्य मी एकदा नव्हे, अनेकदा उच्चारले. तिच्याच गावाहून येणारी तिची मैत्रीण एस. टी. त तिच्या शेजारी बसेनाशी झाली, हे माझ्या कानावर आले होते. बरे झाले, गप्पांत जाणारा वेळ वाचनात जाईल, असा विचार मी केल्याचे मला स्पष्ट आठवते. यानातला ग्राफ मी त्याआधी दोन वर्षे वाचलेला होता. वाचलेले आपल्याला सावध करते, असे आपण वर्गात सांगतो. मला त्याने सावध केले नाही. उलट वाट दाखवली असेल, अशी शंका आता येते.

डिसेंबर 2015 मध्ये आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेची निवड फेरी आमच्याकडे होती. विषय शेतीवरचा होता. भाषण मीच लिहून दिले होते, आकडेवारीसह. स्पर्धा म्हटली की ती पुन्हा गोठणार हे ठाऊक असल्याने मी तिला सांगितले, शनिवारी नुसता सराव आहे. ओळखीचे दोन-तीन जण ऐकायला बसतील, घाबरू नकोस. ते दोन-तीन जण बाहेरगावाहून आलेले परीक्षक होते. इतर स्पर्धकांनाही मी, तिच्यासमोर स्पर्धेचा विषय काढू नका, असे बजावले होते. तिच्याशी फारसे कुणी बोलत नव्हतेच, त्यामुळे ते सोपे गेले.

कादंबरीचा शेवट ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हे लक्षात आले असेल. सेनापती-शाळेत मेझर रॅकहॅम नावाचा जुना योद्धा एंडरला संगणकावरच्या लढायांचा सराव देतो. अखेरची परीक्षा इतकी विषम असते की मुलगा चिडून सारे नियम मोडायचे ठरवतो, म्हणजे हे लोक एकदाचे आपल्याला नापास करून घरी पाठवतील. तो शत्रूचा ग्रहच उडवून देतो. मागे उभे असलेले अधिकारी रडू लागतात, कुणी गुडघ्यावर बसतात. मग त्याला सांगण्यात येते की तो सराव नव्हता. कित्येक दिवस तो लढत होता ती युद्धे खरी होती आणि आताच त्याने एक संपूर्ण जीवजात नष्ट केली आहे. ठाऊक असते तर त्याने ते केले नसते, म्हणूनच त्याला सांगितले नाही.

तिने माझे भाषण बाजूला ठेवले. सरावच होता ना. ती तिच्या घराविषयी बोलली. वडिलांना बैलगाडीतून रस्त्यापर्यंत कसे आणले, फवाऱ्याच्या औषधाचा वास कित्येक दिवस गोठ्यातून कसा जात नव्हता, ते सांगितले. नंतर चौकशी झाली. आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवणारी समिती असते. पात्र ठरली तर कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. परीक्षेत पास होण्यासारखे माझे बाबा पात्र झाले, असे ती म्हणाली. आणि मग त्या 30 हजारांचे काकाने काय केले, आईला घरात काय ऐकावे लागले, हेही तिने सांगितले.

तिला थांबवणे माझ्या हातात होते. काका हा शब्द आला तेव्हाच उठून, वेळ संपली, एवढे म्हणायचे होते. मी परीक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. एकाने चष्मा काढला होता. एक बाई भराभर लिहीत होत्या. मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला मी इतकी वर्षे टाळले, पण ते तसेच आहे: ती तिच्या बापाच्या मरणाविषयी बोलत होती आणि मला आनंद झाला होता, कारण ती पहिली येणार हे मला दिसत होते.

ती पहिली आली. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तिच्या फोटोसह बातमी आली, तीत गावाचे नाव होते आणि भाषणाचा गोषवाराही. त्याच आठवड्यात काका महाविद्यालयात आले. मी भांडणाच्या तयारीत होतो. ते भांडले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमी पोरीले शिकवता का आमची अब्रू काढता? ते पैसे म्या दुकानदाराले देल्ले, तिच्याच बापाच्या बियाण्याचे. आता गावाले हे कोन सांगन?" माझ्याकडे उत्तर नव्हते. काकाची बाजू असू शकते, हे माझ्या मनातही आले नव्हते. जानेवारीपासून ती आली नाही. परीक्षेचा अर्ज भरलेला होता, परीक्षेलाही आली नाही. मी एकदा तिच्या गावी गेलो. आईने चहा दिला आणि मुलगी मामाकडे असल्याचे सांगितले.

त्या उन्हाळ्यात मी 'एंडर्स गेम' पुन्हा वाचली. पुस्तक तेच, पेन्सिलच्या खुणा माझ्याच. ग्राफच्या वाक्यांखाली मी मारलेल्या रेघा पाहून विचित्र वाटले. यावेळी इतर गोष्टी दिसल्या. कादंबरीभर ग्राफ लठ्ठ होत जातो. ताणाखाली तो खात सुटतो, त्याचा गणवेश तंग होत जातो आणि एंडरच्या नजरेतून ते सुटत नाही. ज्या गोष्टी तो कुणाला सांगू शकत नाही त्या त्याच्या अंगावर दिसू लागतात. त्याची आणखी एक लबाडी पहिल्यांदा माझ्याकडून निसटली होती. शाळेत आणि त्याआधीही एंडरच्या हातून मारामारीत दोन मुले मरतात, पण ती मेली हे त्याला कळू दिले जात नाही. त्याने खचू नये म्हणून. म्हणजे ज्या कृत्याचा त्याने शोक करायचा, ते कृत्यच त्याच्यापासून चोरलेले आहे.

जॉन केसल या कथाकार-समीक्षकाचा 2004 मधला एक निबंध मला नंतर वाचायला मिळाला. त्याचा आक्षेप असा की, ही कादंबरी नैतिकता केवळ हेतूवर तोलते. हेतू निर्मळ असला की हातून काहीही घडो, माणूस निष्पाप. एंडरबद्दल मला तो आक्षेप अर्धाच पटतो, कारण एंडर स्वतःला निष्पाप समजत नाही. ग्राफबद्दल मात्र तो पुरेपूर लागू आहे. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालतो, त्या दोन मुलांच्या मृत्यूच्या चित्रफिती दाखवल्या जातात आणि तो सुटतो. पुढे तो वसाहतींचा मंत्रीही होतो. प्रायश्चित्त करतो तो एंडर: मारलेल्यांची कहाणी त्यांच्या बाजूने लिहितो आणि शत्रूच्या राणीचा उरलेला एकमेव कोष उराशी धरून ग्रहामागून ग्रह फिरतो. कठोर गुरूच्या वाट्याला मंत्रिपद आणि शिष्याच्या वाट्याला शोक, ही वाटणी लेखकाला खटकलेली दिसत नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या सैनिकांसाठी केलेल्या वाचन-यादीत ही कादंबरी होती, नेतृत्वाचा धडा म्हणून. त्यांना तीत कुणाचे नेतृत्व दिसले असेल, हा प्रश्न माझ्या मनात येतो. पण सीताबर्डीचे पुस्तक घेऊन आलेल्या मलाही पहिल्यांदा तेच दिसले होते.

योगायोग म्हणजे 1985 मध्येच मार्गारेट ॲटवूडची 'द हँडमेड्स टेल' आली. तिच्यातही एक कमांडर आहे आणि तोही खेळ मांडतो. बायकांना वाचायला बंदी असलेल्या त्या राज्यात तो रात्री दासीला बोलावून तिच्याशी स्क्रॅबल खेळतो. त्याचा स्वर मवाळ, जवळजवळ लाजरा आहे. ॲटवूडने मात्र वाचकाची खुर्ची त्याच्या शेजारी मांडली नाही. आपण सारा वेळ त्या बाईच्या बाजूने बसतो आणि कमांडरच्या मनात काय आहे ते आपल्याला तिच्याइतकेच कळते. दोन्ही कादंबऱ्या एकापाठोपाठ शिकवाव्यात असे मला फार वाटते. आमच्याकडच्या मुलांना इंग्रजी मूळ झेपत नाही, म्हणून मी कथानक सांगतो आणि निवडक उतारे मराठीत करून देतो.

यानातला प्रसंग सांगताना मी अलीकडे एका गोष्टीची काळजी घेतो. निबंधांचे गठ्ठे परत करताना कुणाकडेही पाहत नाही. एवढ्याने काय होते, असे एक तरुण सहकारी हसून म्हणाला. काही होत नसेल.

जून 2019 मध्ये, प्रवेशांच्या गर्दीत, ती विभागात आली. नर्सिंगच्या अभ्यासक्रमासाठी टी. सी. हवी होती. अंगाने भरली होती, आवाज बदललेला. "सर, ओळखलं का?" मी उभा राहिलो. आई बरी आहे म्हणाली. काका गेल्या वर्षी वारले. बाबूंकडे रजिस्टर शोधणे चालू होते, त्यामुळे आम्हा दोघांना व्हरांड्यात बसून राहावे लागले. माझ्या मनात तयार असलेली वाक्ये होती, साडेतीन वर्षे घोळवलेली. त्यांतले एकही नीट आले नाही.

तिनेच विचारले. "सर, तुमाले माहीत होतं न? ती स्पर्धा खरी होती म्हून?"

"हो," मी म्हणालो. "मीच ठरवलं होतं."

ती थोडा वेळ पटांगणाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले तवाच वाटलं होतं. त्या मॅडम लिहीत होत्या न. सरावाले कोन लिहिते?"

"मग तू थांबली का नाहीस?"

"तुमी म्हटलं होतं न, सराव हाय म्हून."

तेवढ्यात बाबूंनी हाक मारली. रजिस्टर सापडले होते. तिने सही केली, टी. सी. ची घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, आणि तीनची गाडी आहे असे सांगून निघाली.